टीचर, मगे आवस खंय? त्रैक्य आणि आईपण यांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याकडच्या तुमच्या धर्मग्रामात दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराच्या) वर्गात त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव या शिकवणीचा, धडा चालू असताना एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "टीचर, बापूस आसा, झील आसा, मगे आवस खंय?" एक मुलगा म्हणाला, येशूची आई मारिया. दुसरी म्हणाली, पवित्र आत्मा हीच आई असणार. तुम्ही "पुढच्या रविवारी सांगते" म्हणून वर्ग सोडलात. आता मला विचारताय की देव पुरुष आहे का, आणि पवित्र आत्म्याला 'ती' म्हटलं तर काही बिघडतं का.

आधी सरळ उत्तर. देव पुरुष नाही आणि स्त्रीही नाही. हे मुलीची समजूत काढण्यासाठी शोधलेलं नवं उत्तर नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 239व्या परिच्छेदात ते स्वच्छ लिहिलंय: मानवी लिंगभेदाच्या पलीकडे असलेला तो देव आहे. बायबलमधल्या होशेयाच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात देव स्वतः म्हणतो, मी देव आहे, मनुष्य नव्हे. आणि तिथे वापरलेला हिब्रू शब्द 'ईश' हा पुरुषासाठीचा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो की होरेब डोंगराशी तुम्ही कोणताही आकार पाहिला नाही, म्हणून पुरुषाची किंवा स्त्रीची मूर्ती करू नका. एवढं त्या मुलीला नक्की सांगा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण तिने देवाचं लिंग विचारलेलंच नाही. आई कुठे आहे, असं तिने विचारलंय.

मी वसईला 31 वर्षं धर्मशिक्षण शिकवतेय. पहिल्याच वर्षी हा प्रश्न माझ्यासमोर आला आणि मी चुकीचं उत्तर दिलं. वर्गात एक मुलगा होता, त्याची आई वर्षापूर्वी वारलेली. त्याने विचारलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं आणि मी म्हणाले, "पवित्र आत्म्याला आई समज." दोन आठवड्यांनी त्याने वही दाखवायला आणली. त्यात चित्र होतं. एका बाजूला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, दुसऱ्या बाजूला तरुण येशू, मधे लाल लुगडं नेसलेली, अंबाडा घातलेली एक बाई, अगदी आमच्या गावातल्या आजीसारखी. तिच्या हातावर कबूतर. खाली लिहिलेलं: देव, देवाची बायको आणि त्यांचा मुलगा. चूक त्या पोराची नव्हती. मी जे सांगितलं ते त्याने प्रामाणिकपणे काढलं होतं. मी त्याच्या हातात त्रैक्य दिलंच नव्हतं, एक कुटुंब दिलं होतं. संत ऑगस्टिनने त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथात नवरा, बायको आणि मूल या उपमेचा विचार करून ती बाजूला ठेवली आहे. ती का ठेवली, हे मला त्या वहीने शिकवलं.

आता व्याकरण, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. आपण 'तो पवित्र आत्मा' म्हणतो, कारण मराठीत आत्मा पुल्लिंगी आहे. तुमच्याकडे ज्यांच्या घरी गोव्याच्या वळणाची कोंकणी प्रार्थना चालते ते 'स्पिरिता सांता' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि तोही पुल्लिंगी. पण जुन्या कराराच्या हिब्रूत आत्म्याला 'रुआह' म्हणतात. वारा, श्वास, आत्मा असे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत आणि तो बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी चालतो. ग्रीकमध्ये तोच 'प्नेउमा' झाला, नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', पुल्लिंगी. संत जेरोमने यशयावरच्या भाष्यात नेमकं यावरच बोट ठेवलं: हिब्रूत स्त्री, लॅटिनमध्ये पुरुष, ग्रीकमध्ये दोन्ही नाही, याचा अर्थ देवत्वात लिंग नाही. चौथ्या शतकातच नाझियांझसच्या संत ग्रेगरीने आपल्या पाचव्या ईश्वरविषयक प्रवचनात असंच विचारलं: देव हा शब्द पुल्लिंगी म्हणून देव पुरुष ठरवायचा, तर देवत्व हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याचं काय करायचं?

हा मुद्दा मुलांना मराठीतूनच पटवता येतो आणि तो इतका सोपा आहे की मी दर वर्षी वापरते. फळ्यावर लिहा: 'त्रैक्यातील पहिली व्यक्ती'. मग विचारा, पहिला का नाही लिहिलं? व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी. पित्याबद्दल बोलतानाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो आणि त्यामुळे पिता बाई होत नाही. तसंच 'तो आत्मा' म्हटल्याने आत्मा पुरुष होत नाही. शेजारी देव, देवता, दैवत हे तीन शब्द लिहा. तो, ती, ते. एकाच घरातले शब्द आणि तिन्ही लिंगं. मुलं हसतात, पण घरी जाऊन आईबापांना सांगतात.

म्हणजे पवित्र आत्म्याला कधी कुणी 'ती' म्हटलंच नाही का? म्हटलंय, आणि हे दडवायचं कारण नाही. सिरियाक बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत, म्हणजे येशूच्या आरामी भाषेच्या अगदी जवळच्या भाषेत प्रार्थना करणाऱ्यांत, सुरुवातीची काही शतकं आत्मा स्त्रीलिंगी होता. 'रुहा'. चौथ्या शतकात पर्शियाच्या राज्यात राहणारा अफ्राहात लिहितो की ज्याने लग्न केलेलं नाही तो आपला पिता देव आणि आपली आई पवित्र आत्मा यांच्यावर प्रेम करतो. हा कुणी पाखंडी नव्हता, मान्यवर गुरू होता. साधारण इसवी सन 400 नंतर सिरियाकमध्येही आत्म्यासाठी पुल्लिंग रूढ होत गेलं. सहाव्या शतकातल्या कॉस्मास या प्रवाशाने 'कल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. म्हणजे पोर्तुगीज यायच्या किती आधी या किनाऱ्यावर सिरियाक उपासना पोचली असणार. मला हे आठवलं की बरं वाटतं. आपला विश्वास काही एकट्या लिस्बनच्या जहाजातून आलेला नाही.

या लोकांना आत्म्यात आई का दिसली, ते नुसत्या व्याकरणाने कळत नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच वचनात देवाचा आत्मा जलांवर काहीतरी करत होता, आणि ते 'काहीतरी' सांगणारं हिब्रू क्रियापद आहे 'मेराहेफेत'. तेच क्रियापद अनुवादाच्या 32व्या अध्यायात पिल्लांवर घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी येतं. संत बासिल सांगतात की एका सिरियन विद्वानाने त्यांना याचा अर्थ असा समजावला: पक्षी अंडी उबवतो तसं.

हे मला वाचल्याबरोबर कळलं, कारण माझ्या आईने वाडीत कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबडी खुडूक बसली की आई जुन्या टोपलीत भाताचा पेंढा घालून तिच्याखाली अंडी मांडायची. मग 21 दिवस ती कोंबडी वेगळीच व्हायची. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले, दाणे टाकले तरी जागची हलायची नाही. आई दिवसातून एकदा तिला बळेच उचलून पाण्याशी न्यायची. मी पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं तिने स्वतःच उपटलेली असायची, उघडी कातडी अंड्यांना लागावी म्हणून, आणि ती कातडी तापलेली असायची. वरून पाहणाऱ्याला वाटावं, नुसती बसलीय, काही करत नाही. आणि अंड्याच्या आत सगळं घडत असायचं. सृष्टी अजून झालेली नाही, अंधार आहे, पाणी आहे, आणि देवाचा आत्मा असा त्याच्यावर बसलाय. मी मुलांना हे वचन याच चित्राने शिकवते. तुमच्याकडे घरोघरी कोंबड्या असतील. एखाद्या मुलाला खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून यायला सांगा.

तरीही वर्गात आत्म्याला 'ती' म्हणा, असा सल्ला मी देणार नाही. मराठी व्याकरण मोडतं ही किरकोळ अडचण. खरी अडचण वेगळी आहे. आईपणाचं सगळं आत्म्याच्या खाती टाकलं की पिता आणि पुत्र आपोआप पुरुष होऊन बसतात. कडक बाप, आज्ञाधारक मुलगा आणि दोघांमधे समजूत काढणारी आई. आपल्या घरांतलं जे चित्र बदलावं असं आपल्याला वाटतं, तेच आपण स्वर्गात नेऊन टांगतो. माझ्या विद्यार्थ्याने तेच काढलं होतं. बायबलमध्ये आईपण एका व्यक्तीच्या वाट्याला दिलेलं नाहीच.

हे बघा. यशयाच्या 49व्या अध्यायात देव म्हणतो, बाई एक वेळ आपलं अंगावर पिणारं मूल विसरेल, मी तुला विसरणार नाही. 66व्या अध्यायात, आई लेकराला समजावते तसं मी तुमचं सांत्वन करीन. 42व्या अध्यायात तर तो प्रसूतीच्या कळा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो. हे सगळं बोलणारा इस्राएलचा देव आहे, ज्याला आपण पिता म्हणतो. आणि मला सर्वांत आवडतं ते स्तोत्र 103: जसा बाप आपल्या मुलांवर करुणा करतो, तशी परमेश्वर करतो. इथे 'करुणा करणे' यासाठी आलेलं हिब्रू क्रियापद 'रेहेम' या शब्दाच्या कुळातलं आहे, आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. बापाच्या मायेबद्दल बोलतानाही त्या भाषेला पोटातला, कुशीतला शब्द घ्यावा लागला. आपणही 'पोटातून माया येणं' म्हणतोच. हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

इसवी सन 675 मध्ये स्पेनमधल्या तोलेदो इथे भरलेल्या अकराव्या प्रांतिक परिषदेने विश्वासाचं जे निवेदन केलं, त्यात पुत्र पित्याच्या गर्भाशयातून जन्मला असं म्हटलंय. लॅटिन शब्द आहेत 'दे पात्रिस उतेरो'. बिशपांनी बापाला गर्भाशय आहे असं का लिहावं? कारण त्यांना ठासून सांगायचं होतं की पुत्र शून्यातून बनवलेला नाही, पित्याच्याच तत्त्वातून आहे, आणि त्यासाठी त्यांना जन्म देणाऱ्या बाईच्या शरीराचाच शब्द सापडला. पिता या शब्दात त्यांना पुरुषपण ऐकू येत असतं तर त्यांनी हे लिहिलं नसतं.

मग पिताच का म्हणायचं? इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच. ग्रेगरी म्हणतो, पिता हे देवाच्या तत्त्वाचं नाव नाही, त्याच्या कामाचंही नाही. ते नात्याचं नाव आहे. कुणी तरी कुणाचा तरी पिता असतो. पुत्राशिवाय पिता हा शब्द उभाच राहत नाही. देव आधी एकटा होता आणि मग केव्हातरी बाप झाला, असं आपण मानत नाही. नातं हेच त्याचं असणं आहे. म्हणूनच काही ठिकाणी 'निर्माणकर्ता, उद्धारकर्ता आणि पवित्र करणारा यांच्या नावाने' बाप्तिस्मा द्यायला सुरुवात झाली, तेव्हा 2008 मध्ये रोमने तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं जाहीर केलं. ती तीन नावं कामांची आहेत आणि कामं तिघेही मिळून करतात. त्यातून नातं निघून जातं. मला हा निर्णय पटतो. बाप्तिस्म्याच्या शब्दांना आणि क्रुसाच्या खुणेला हात लावू नका. पण स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करताना कुणी 'देवा, तू माझी आई' म्हणालं तर त्याला अडवू नका. 10 सप्टेंबर 1978 रोजी पोप जॉन पॉल पहिले यांनी यशयाच्या त्या वचनाचा आधार घेऊन भर चौकात जमलेल्या लोकांना सांगितलं होतं की देव आपला पिता आहे, त्याहूनही अधिक तो आपली आई आहे.

येशूबद्दल मुलं गोंधळतात, कारण तो तर खराच पुरुष होता. हो, होता. त्याची सुंता झाली, त्याने सुताराचं काम केलं. पण ते त्याचं मानवी शरीर. विश्वासांगीकारात, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या प्रार्थनेत, तो 'मनुष्य झाला' असं आपण म्हणतो. मूळ ग्रीकमध्येही तिथे माणूस या अर्थाचा शब्द आहे, पुरुष या अर्थाचा नाही. हा फरक शब्दच्छल नाही. ग्रेगरीचंच सूत्र आहे: जे त्याने धारण केलं नाही ते बरं झालं नाही. त्याने नुसतं पुरुषपण धारण केलं असं म्हणालो, तर तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुली तारणाबाहेर राहतील. आणि स्वतःबद्दल बोलताना येशूने काय निवडलं? यरुशलेमकडे पाहून तो म्हणाला, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुम्हाला घ्यावं असं किती वेळा वाटलं. कोंबडा नाही म्हणाला. कोकणातच जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, आणि त्यांच्या मराठी वाचकाला त्यात काही खटकलं नाही. ज्ञानोबाला आणि विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत ती हाक आधीपासून तयार होती.

मारियाचं उत्तर दिलेल्या मुलाला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. मारिया त्रैक्यात नाही. इसवी सन 431 मध्ये एफेससच्या परिषदेने तिला देवमाता म्हटलं, कारण तिच्या पोटी जन्मलेला देव आहे. त्रैक्याची आई असा त्याचा अर्थ नाही. ती आपल्यासारखी माणूस आहे आणि तोच तिचा मोठेपणा. आमच्याकडे रमेदीच्या चर्चला नवस करायला आमच्या हिंदू शेजारणी येतात, वांद्र्याची मोत माउली तर सगळ्यांचीच. त्या विचारतात, ही तुमची देवी ना? मी त्यांना सांगते, देवी नाही, देवाची आई आणि आमचीही. त्यांना फरक कळतो. आपल्याच मुलांना कळत नाही, कारण आपण कधी सांगत नाही. देवात आई दिसली नाही की लोक तिला मारियात शोधतात, आणि मग तिच्यावर देवाचं ओझं टाकतात. पित्यात आणि पुत्रात आईची माया ओळखता आली तर मारियाला मारिया राहू देता येतं.

आणखी एक गोष्ट, चित्रांची. घराघरांत त्रैक्याचा जो फोटो असतो त्यातला पांढऱ्या दाढीचा पिता दानीएलाच्या 7व्या अध्यायातल्या दृष्टान्तातून आलाय. तो दृष्टान्त आहे, छायाचित्र नाही. एके काळी पवित्र आत्म्याला देखणा तरुण दाखवणारी चित्रंही निघाली होती. 1745 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ती थांबवली. शास्त्रात आत्मा कबुतराच्या आणि अग्निजिव्हांच्या रूपाने आलाय, तेवढंच काढा, असा त्यांचा आग्रह. आमच्या तालुक्यात नंदाखालचं चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचं आहे. मी मुलांना तिथे नेते आणि विचारते, या चर्चच्या मालकाचा चेहरा कसा असेल? कुणालाच सांगता येत नाही. ती शांतता मला हवी असते.

शेवटी एक विचारते. ही मुलगी घरून कशी आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आई नसेल तर हा प्रश्न वेगळा. बाप दारू पिऊन मारत असेल तर अजून वेगळा. माझ्या वर्गात एक मुलगी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना ओठ मिटून घ्यायची. वर्ष निघून गेल्यावर मला कारण कळलं. तिला मी धर्मशास्त्र सांगितलं नाही. मी तिला सांगितलं की तुला जमेल तेव्हा म्हण, तोवर मी तुझ्या वाटचं म्हणते. सहा महिन्यांनी तिने उधळ्या पुत्राची गोष्ट वाचली आणि मला म्हणाली, "हा बाप मुलाला लांबून बघून धावत जातो, आमच्या आजीसारखा." तेव्हापासून तिचे ओठ हलायला लागले. बापाच्या नावाखाली तिला आजी सापडली होती.

म्हणून रविवारी त्रिकोण काढू नका, तीन पाकळ्यांचं पानही नको. लूकचा 15वा अध्याय उघडा. त्यात एका पाठोपाठ तीन गोष्टी आहेत: हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ, दिवा लावून घर झाडत हरवलेलं नाणं शोधणारी बाई, आणि वाटेवर डोळे लावून बसलेला बाप. बहुतेक धर्मशिक्षक पहिली आणि तिसरी सांगतात, मधली वगळतात. तुम्ही मधली त्याच मुलीला वाचायला द्या. येशूने देवाबद्दल सांगताना ती बाई मेंढपाळ आणि बाप यांच्या मधोमध उभी केलीय, हे तिचं तिला दिसू द्या. मग फळ्यावर 'व्यक्ती' लिहा. ती काय म्हणाली ते मला कळवा.